केतकीच्या खोलीतले मासे

माझे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान सूर्यकांत बोरगावकर, स्वतःची ओळख करून देताना अजूनही 'उपसचिव, भारत सरकार' असं म्हणतात. समोरच्याचा चेहरा पुरेसा आदबशीर झाला की मग हळूच 'निवृत्त' जोडतात. सोसायटीच्या लिफ्टमध्ये, भाजीवाल्याकडे, दाताच्या डॉक्टरकडे, सगळीकडे हेच. दिल्लीतल्या द्वारकेच्या त्या सोसायटीत अर्धे लोक निवृत्त सरकारी अधिकारी आहेत आणि त्यांतले निम्मे यांच्यापेक्षा वरच्या हुद्द्यावरून उतरलेले, पण भाऊजींना त्याचं काही नाही.

मी प्रणिता. दिल्लीतच मुनिरक्यात माझी खानावळ आहे. गावाकडून कलेक्टर व्हायला आलेली मराठी पोरं माझ्याकडे जेवतात आणि परीक्षेचा निकाल लागला की माझ्याकडेच रडतात. पाहुण्यांसमोर भाऊजी माझ्याबद्दल 'ही केटरिंगमध्ये असते' असं सांगतात, कारण मेहुणी खानावळ चालवते हे सांगायला त्यांची जीभ रेटत नाही. मलाही त्यांची लाजच वाटते, तेव्हा त्या बाबतीत आमचं फिटंफाट आहे.

भाऊजी तसे वाईट नाहीत, असं आमची आई शेवटपर्यंत म्हणायची. खरंच आहे. वाईट वागायचं म्हटलं तरी माणसाला उठून काहीतरी करावं लागतं, आणि भाऊजींना उठायची सवय नाही. ऑफिसात त्यांनी जन्मभर दुसऱ्याने लिहिलेल्या कागदावर सही केली आणि घरी दुसऱ्याने वाढलेल्या ताटावर बसले. ताई पहाटे उठून त्यांची आंघोळीची बादली भरून ठेवायची. साहेब निवांत उठायचे, पेपर वाचायचे, मग ताई दाराशी जाऊन 'अहो, पाणी काढलंय' म्हणायची, तेव्हा स्वारी मोरीत शिरायची. पाणी कुठून येतं, कधी येतं, कसं येतं, याची चौकशी त्यांनी तीस वर्षं दिल्लीत राहून एकदाही केली नाही. त्यांच्यासाठी पाणी म्हणजे काढलेलं असतं, बस्स.

ते निवृत्त झाले तेव्हा खात्यातल्या लोकांनी निरोप म्हणून त्यांना एक छोटासा फिश टँक दिला. साहेबांनी यापुढे उलट न बोलणाऱ्यांसमोरच भाषणं करावीत, असा त्यामागे हेतू असावा असं मला तेव्हाही वाटलं होतं. भाऊजींना मात्र आयुष्याचं ध्येयच सापडलं. चार गप्पी माशांवरून ते एंजलवर गेले, एंजलवरून डिस्कसवर. डिस्कस हा बशीसारखा चपटा, रंगीत आणि भयंकर महाग मासा. त्याचं पाणी सारखं बदलावं लागतं, नाहीतर तो काळा पडतो, कोपऱ्यात तोंड घालून बसतो आणि एक दिवस मरतो. म्हणजे नखरा भाऊजींचाच. त्यांचं आणि त्या माशाचं जमलं यात नवल नाही.

वर्षभरात भाचीच्या, केतकीच्या खोलीत चारी भिंतींना टँक लागले. केतकीचं लग्न होऊन ती पानिपतला गेली होती. जावई अमोल तिथे एका कारखान्यात इंजिनिअर आहे. पोरीची पाठ वळली तशी तिची खाट मोडून वॉचमनला दिली, पुस्तकं रद्दीत गेली आणि कपाट ताईच्या पलंगाशेजारी कोंबलं. खोलीला एसी बसवला. घरातला तो दुसरा एसी. पहिला भाऊजींच्या खोलीत आणि दुसरा माशांच्या. ताई उन्हाळाभर हॉलमध्ये कूलरसमोर चटई टाकून झोपायची, कारण भाऊजींच्या घोरण्याने तिला झोप लागत नसे आणि माशांच्या खोलीत झोपायला जागा नव्हती.

मासे भाऊजींचे, पाणी ताईचं. रोज पहाटे ती बाथरूममधला निळा ड्रम भरायची. ते पाणी दिवसभर तसंच उभं राहू द्यायचं, म्हणजे नळाच्या पाण्यातल्या औषधाचा वास उडून जातो. संध्याकाळी एकेका टँकमध्ये नळी सोडून निम्मं पाणी बादलीत काढायचं, बादली मोरीत नेऊन ओतायची, ड्रममधून ती भरून आणायची आणि हळूहळू टँकमध्ये सोडायची. एक झाला की दुसरा. भाऊजी मधोमध खुर्ची टाकून बसत. "अहिल्या, सावकाश. घाबरतात ते." ताईच्या उजव्या मनगटाला डॉक्टरांनी पट्टा दिला होता. पट्टा भिजतो म्हणून ती पाणी बदलताना तो काढून ठेवायची. भाऊजींना हे रोज दिसत होतं, आणि मोबाइलवरच्या मासे पाळणाऱ्यांच्या ग्रुपवर ते लिहीत होते, 'ये हॉबी बहुत मेहनत माँगती है.'

एकदा मी ते बघितलं आणि माझं डोकं फिरलं. दिल्लीत ज्याच्या घरी कूलर आहे त्याच्या घरी कूलरची एखादी जुनी मोटर पडलेली असतेच. मी खानावळीतली मोटर पिशवीत घालून आणली, ड्रमात बुडवली, तिला हिरवी बागेची नळी जोडली आणि नळीच्या टोकाला जाड तार वाकवून आकडा केला. आकडा टँकच्या काठावर अडकवायचा आणि बटण दाबायचं. जुनं पाणी काढायला दुसरी एक लांब नळी, थेट मोरीपर्यंत. झालं काम. यात काही अक्कल पाजळायची गरज नव्हती. त्या संध्याकाळी बादलीला कोणी हात लावला नाही. टँक भरत होते आणि ताई दाराच्या चौकटीला टेकून चहा पीत होती. ती एवढंच म्हणाली, "पनी, अगं किती सोपं होतं हे."

दोन आठवडे ते चाललं. मग भाऊजींनी ग्रुपसाठी आपल्या खोलीचा व्हिडिओ काढला, त्यात ती हिरवी नळी दिसली आणि कोणा उपटसुंभाने खाली हसणारा चेहरा टाकला. "हे असलं जुगाड माझ्या घरात चालणार नाही," भाऊजी म्हणाले. नळी गुंडाळून बाल्कनीत गेली आणि ताई पुन्हा बादल्या वाहायला लागली. एका हसणाऱ्या चेहऱ्यापायी! माझा त्या दिवशी इतका संताप झाला की मी महिनाभर त्या घरी गेले नाही.

हिवाळ्यात केतकीला दिवस गेल्याची बातमी आली. बाळंतपण जुलैत. पहिलं बाळंतपण माहेरी, यात आमच्याकडे विचारायचं काही नसतं. केतकीची सासू नाशिकला, गुडघ्यांनी बेजार. पानिपतला घरात बघायला कोणी नाही. सातवा संपता संपता, म्हणजे मे महिन्याच्या शेवटी, केतकी दिल्लीला येणार असं ठरलं. ताईने डिंक, खारीक, जुन्या मऊ साड्यांची दुपटी, सगळं जमवायला घेतलं. आणि एका रविवारी, मी तिथे असताना, धीर करून म्हणाली, "अहो, केतकीची खोली मोकळी करायला हवी. बाळ-बाळंतिणीला एसी लागेल. टँक बाल्कनीत ठेवू या. काचा लावलेल्याच आहेत तिला."

"बघू," भाऊजी म्हणाले.

ज्या नोकरीत 'बघू' म्हणून माणसं निवृत्तीपर्यंत पोचतात, तिथला हा 'बघू'. त्यात 'नाही' म्हणायची हिंमत नसते आणि 'हो' म्हणायची दानत नसते. ताईला मात्र वाटलं, बघतील.

त्यांनी बघितलं ते असं. आठवड्याने त्यांनी आम्हा दोघींना समोर बसवलं आणि जाहीर केलं, "अहिल्या, तुझी खरी अडचण मी ओळखली आहे. पाणी बदलणं. केतकी आली की तुला त्यासाठी वेळ मिळणार नाही. हा प्रॉब्लेम मी मुळापासून सोडवतोय. सिस्टिम बसवू."

ताई म्हणाली, "मी खोलीचं म्हणत होते."

"तेच ना. एकेक करून."

मग सुरू झाला तो तमाशा. साधं पाणी बदलायची सोय, पण भाऊजींनी तिच्यासाठी तीन प्लंबरांकडून लेखी कोटेशन मागवली. कोपऱ्यावरचे दोन प्लंबर 'लिखके?' असं म्हणून जे गेले ते परत फिरकलेच नाहीत. तिसरा राहिला, म्हणून तोच सर्वांत योग्य ठरला. हा तिसरा भाऊजींच्या प्रत्येक वाक्यावर 'हो जाएगा साहब' म्हणायचा. खात्यातून बाहेर पडल्यापासून भाऊजींना असा माणूस भेटला नव्हता. दोघांचं फार गूळपीठ जमलं.

सिस्टिम अशी की भिंतीवरून पांढरा पीव्हीसी पाइप न्यायचा आणि प्रत्येक टँकवर त्याला एक छोटा कॉक द्यायचा. टँकच्या कडेला वरच्या बाजूला भोक पाडून तिथून दुसरा पाइप मोरीकडे. वरून नवं पाणी येत राहणार, पातळी चढली की जुनं आपोआप भोकातून बाहेर जाणार. दाराशी एक मुख्य नळ. तो फिरवला की सगळे टँक एकदम. कल्पना वाईट नव्हती, हे मी मान्य करते. शोभेच्या माशांच्या दुकानांतून असंच करतात म्हणे. पण दुकानात पाइप आधी ड्रमाला जोडतात. भाऊजींनी ड्रमच काढून टाकला. "साठवलेलं पाणी ही मागासलेली पद्धत आहे. आपण डायरेक्ट लाइन घेतोय. मध्ये कार्बन फिल्टर आहे." डायरेक्ट म्हणजे गच्चीवरच्या टाकीतून उतरणाऱ्या पाइपमधून.

"अहो, ड्रम राहू दे," ताई म्हणाली. "सकाळी भरलेलं पाणी असलं की..."

"अहिल्या, फिल्टर आहे म्हटलं ना."

प्लंबरला दिवसभर दुसरीकडे काम असे, म्हणून तो सकाळी सात वाजता येऊन काम करून जायचा. चाचणीही सकाळी सातलाच झाली. पाणी आलं, पाणी गेलं, मासे पोहत राहिले. भाऊजींनी हात पाठीमागे बांधून पाहणी केली. हात ओले करायचेच नाहीत, हेच तर सिस्टिमचं वैशिष्ट्य, असं ते मला चारदा म्हणाले. त्यांनी तसे ते आधी कधी केले होते, हे मी विचारलं नाही, कारण ताई माझ्याकडे बघत होती.

त्याच दिवशी संध्याकाळी ताईने पुन्हा खोलीचा विषय काढला. मे महिना लागला होता. भाऊजी सोफ्यावर पाय घेऊन बसले होते.

"आता कसं हलवणार?" ते म्हणाले. "पाइप भिंतीत बसलेत. फिक्स्ड झालं ना सगळं. आता ते हलवणं म्हणजे नुकसानच."

ताईला तेव्हा कळलं, आणि मलाही तेव्हाच कळलं. पाण्याची सिस्टिम हे सगळं निमित्त होतं. खोली द्यायची नाही हे तोंडाने म्हणायची हिंमत नाही, म्हणून गृहस्थाने टँक भिंतीला खिळवून टाकले होते.

"मग केतकी कुठे झोपणार, भाऊजी?" मी विचारलं.

"हॉलमध्ये दिवाण आहे की. आणि तसं बघायला गेलं तर तिने एवढ्या लवकर यायची गरज काय? पानिपत काही लांब नाही. कळा सुरू झाल्यावर गाडी काढली तरी हायवेने बिल्कुल आरामात पोचेल."

हे त्यांनी बिस्किट चहात बुडवता बुडवता म्हटलं. स्वतःच्या पोटच्या पोरीबद्दल. मी म्हणाले, "तुमचा डिस्कस अंडी घालायला लागला की त्याला पाठवा हायवेने." भाऊजींनी हातातलं बिस्किट खाली ठेवलं आणि म्हणाले, "प्रणिता, तू तुझ्या खानावळीत ज्या भाषेत बोलतेस ती इथे नको." मी उठून गेले नाही ते फक्त ताईसाठी. ती स्वयंपाकघरात जाऊन ओटा पुसत होती. तो आधीच पुसलेला होता.

आणि मग उद्घाटन. हो, उद्घाटन! पाइपांचं. केतकी यायच्या आधीच्या रविवारी, दुपारी साडेबारा वाजता. तोवर पाणी बदलायला ताई पहाटेच तो मुख्य नळ थोडा वेळ उघडायची. आमच्या मराठी मंडळातली मंडळी, भाऊजींचे जुने सहकारी बळवंतराव प्रमुख पाहुणे, मुख्य नळाला लाल फीत. जेवायला आमरस-पुरी, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, मठ्ठा. स्वयंपाक अर्थात ताईने आणि 'केटरिंगमध्ये असणाऱ्या' मेहुणीने करायचा. बाहेर उन्हाने रस्त्यावरचं डांबर मऊ पडलं होतं. पाहुणे घामाने निथळत आले आणि माशांच्या खोलीतल्या एसीत शिरून एकदम सुखावले. मंडळातल्या भानुमतीबाई म्हणाल्या, "काय छान थंड ठेवलीय हो खोली! केतकी आली की मजेत राहील." भाऊजींनी ते ऐकलं नाही, किंवा ऐकून घेतलं नाही.

भाषण झालं. निवृत्त माणसाने समाजासमोर कसा आदर्श ठेवावा, पाण्याचं व्यवस्थापन हा राष्ट्रीय प्रश्न कसा आहे, वगैरे. एका मोबाइलवर ग्रुपसाठी थेट प्रक्षेपण चालू होतं. मी पुऱ्या लाटता लाटता दारातून बघत होते. बळवंतराव कात्री घेऊन नळाशी उभे होते. तेवढ्यात ताई पदराला हात पुसत पुढे गेली.

"अहो, जरा ऐका. आत्ता दुपारचं नका..."

"नंतर, अहिल्या."

"नाही, ते पाणी..."

"नंतर म्हटलं ना!" आणि मग सगळ्यांकडे हसून बघत, "बायकांना समारंभात स्वयंपाकाचीच काळजी." चार जण हसले. बळवंतरावांनी फीत कापली, टाळ्या झाल्या, नळ फिरला. भाऊजींनी तो पूर्ण उघडला. टँक भरून वाहताना जुनं पाणी आपोआप कसं बाहेर जातं ते लोकांना दिसायला हवं होतं. सगळ्या कॉकांतून धारा पडायला लागल्या. कोणी व्हिडिओ काढत होतं, कोणी 'वा, सर' म्हणत होतं.

"बंद करायचा का?" बळवंतरावांनी विचारलं.

"छे! हेच तर सिस्टिमचं सौंदर्य आहे. विसरून जा. चला, जेवून घेऊ."

लोक हॉलमध्ये गेले. ताई मागे राहिली. मी उरलेल्या पुऱ्या लाटत होते तेव्हा ती स्वयंपाकघरात आली, फ्रीज उघडून गार पाण्याची बाटली काढली आणि सिंकवर हात धरून बोटांवर ते पाणी ओतलं. बोटं लाल झाली होती.

"काय गं, भाजलं का?"

"काही नाही. पुऱ्या कर. लोक बसलेत."

मी पुऱ्या तळल्या, तिने वाढल्या. ती प्रत्येकाला आग्रह करत होती. बळवंतरावांना तिने तिसऱ्यांदा आमरस वाढला. इतका आग्रह ती एरवी करत नाही. पंगत चांगली तासभर रंगली आणि भाऊजींनी तेवढ्यात केंद्र सरकारचं काय चुकतं तेही सांगून टाकलं.

शेवटी भानुमतीबाई फोटो काढायला म्हणून आत गेल्या आणि दारातूनच ओरडल्या, "अहो बोरगावकर, तुमचे मासे असे आडवे का झालेत?"

सगळे आत धावले. डिस्कस बशा पालथ्या टाकाव्यात तसे वर तरंगत होते. एंजल तळाला. पाण्याच्या धारा अजून जोरात पडत होत्या आणि जुनं पाणी शिस्तीत बाहेर जात होतं. भाऊजींनी जन्मात पहिल्यांदा टँकमध्ये हात घातला आणि 'स्स्' करून बाहेर काढला. मग ते वळून आमच्याकडे बघत ओरडले, "गीझर कोणी चालू केला?"

मे महिन्यात, दिल्लीत, भर दुपारी, हा माणूस विचारत होता की गीझर कोणी चालू केला. मंडळातल्या बायका फरशीकडे बघायला लागल्या. दिल्लीत दोन उन्हाळे काढलेल्या पोरालाही माहीत असतं की दुपारी नळाखाली हात धरायचा नसतो. गच्चीवरच्या टाक्या उन्हात उकळतात. माझ्याकडची मुनिरक्यातली पोरं दिवस उजाडायच्या आत बादल्या भरून ठेवतात, तेव्हा कुठे दुपारी तोंड धुता येतं. तीस उन्हाळे या शहरात काढून भाऊजींच्या अंगावर कधी ते पाणी पडलं नव्हतं, कारण कोणीतरी पहाटे उठून त्यांच्यासाठी गार पाणी काढून ठेवत होतं. ते गार पाणी म्हणजेच दिल्लीचं पाणी, असं त्यांना वाटत आलं होतं.

"सूर्यकांत," बळवंतराव खालच्या आवाजात म्हणाले, "अरे, मे महिना आहे."

भाऊजींना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी ताईकडे बोट केलं. "तुला माहीत होतं? मग सांगायचं नाही का?"

"तुम्ही नंतर म्हणालात," ताई म्हणाली.

ती अगदी हळू म्हणाली, पण खोलीत सगळ्यांना ऐकू गेलं. ज्या चार जणांना मघाशी हसू आलं होतं त्यांना आता कुठे बघावं ते समजेना. बळवंतरावांनी मुख्य नळ बंद केला. पाहुणे पाचच मिनिटांत पांगले. जाताना कोणी 'छान झालं' म्हणालं नाही, आणि मोबाइलवरचं प्रक्षेपण बंद करायचं कोणाला सुचलं नव्हतं, तेव्हा ग्रुपनेही सगळं पाहिलं. यावेळी हसणारे चेहरे किती आले ते मी मोजले नाहीत.

संध्याकाळी भाऊजी जाळीने मासे काढत बसले. रडत होते. हुंदके देऊन रडत होते. मला वाईट वाटलं, माशांचं. ते बिचारे काचेत बंद, त्यांना पळायला जागा नव्हती. भाऊजींनी दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. म्हणजे ताटात वाढलेल्या. फ्रीजमधला उरलेला आमरस संपला होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी सोसायटीला पत्र लिहिलं की गच्चीवरच्या टाक्यांना पांढरा रंग न दिल्यामुळे एका ज्येष्ठ नागरिकाचं कधीही भरून न येणारं नुकसान झालं आहे. आजही कोणी विचारलं तर ते हेच सांगतात, सोसायटीची चूक. लोक मान डोलावतात आणि लिफ्ट आली की आधी शिरतात.

रिकामे टँक ग्रुपमधल्या कोणीतरी येऊन नेले. भाऊजींनी अडवलं नाही. त्या खोलीत पाऊल टाकायची त्यांची इच्छाच गेली होती. तोच 'हो जाएगा साहब' प्लंबर येऊन पाइप उतरवून गेला. मी खानावळ एक दिवस बंद ठेवली आणि ताईच्या मदतीला गेले. केतकी दुसऱ्या दिवशी येणार होती. अमोलने नवी खाट आधीच पाठवून दिली होती. आम्ही दोघी ती जोडत होतो, आणि माझ्या मनात त्या रविवारपासून घोळत होतं ते मी विचारलं.

"ताई, तू त्या दिवशी मागे राहिलीस तेव्हा पाण्याला हात लावून बघितलंस ना?"

"हो."

"तेव्हा मासे जिवंत होते?"

"होते. खालच्या टँकमधले तर अजून खेळत होते." तिने खाटेची फळी सरळ केली. "नळ माझ्या हातापाशीच होता, पनी."

तिच्या आवाजात मला पश्चात्ताप शोधायचा होता की काय कोण जाणे, पण तो नव्हता. दमलेली मात्र ती होती.

"उद्घाटनाच्या आदल्या रात्री केतकीचा फोन आला होता," ती म्हणाली. "बाबांनी तिला सांगितलं होतं बहुतेक, खोलीचं. मला म्हणाली, आई, मी हॉलमध्ये झोपेन गं, मला चालतं, तू उगाच त्यांच्याशी बोलू नकोस." ताई गादीची कड ओढता ओढता थांबली. "अगदी माझ्यासारखं म्हणाली. मला ते ऐकवलं नाही."